जॉन कोलमन : ९८ सामन्यांत इतिहास घडविणारा एसेन्डनचा गोलवीर

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या एसेन्डन फुटबॉल क्लबच्या विक्रमांची यादी दीर्घ आहे. क्लबतर्फे सर्वाधिक सामने खेळण्याचा मान डस्टिन फ्लेचर यांच्याकडे असून त्यांच्या नावावर ४०० सामने आहेत. त्यांच्या पाठोपाठ सायमन मॅडन यांचे ३७८ आणि डिक रेनॉल्ड्स यांचे ३२० सामने आहेत. सर्वाधिक गोलांच्या यादीत मॅथ्यू लॉइड ९२६ गोलांसह अग्रस्थानी, तर मॅडन ५७५ गोलांसह दुसऱ्या क्रमांकावर आहेत. तिसरे नाव जॉन कोलमन यांचे आहे. त्यांच्या नावावर ५३७ गोल आहेत, मात्र सामन्यांच्या रकान्यात केवळ ९८ हा आकडा दिसतो.

लॉइड यांना ९२६ गोलांसाठी २७० सामने खेळावे लागले. कोलमन यांनी प्रत्येक सामन्यामागे सरासरी ५.४८ गोल केले. संपूर्ण लीगच्या इतिहासात प्रदीर्घ कारकीर्द असलेल्या गोलवीरांपैकी हॉथॉर्न क्लबचे पीटर हडसन हेच या बाबतीत त्यांच्या पुढे आहेत. हडसन यांनी १२९ सामन्यांत ७२७ गोल, म्हणजे सामन्यामागे ५.६४ गोल केले. लीगमध्ये सर्वाधिक १,३६० गोल करणाऱ्या टोनी लॉकेट यांची सरासरीही पाचपेक्षा कमी आहे.

वयाच्या २५ व्या वर्षी कोलमन यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली आणि वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तरीही लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी दिले जाणारे पदक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. सहा हंगामही पूर्ण न खेळलेल्या खेळाडूला हा मान कसा मिळाला, याचे उत्तर त्यांच्या जीवनप्रवासात सापडते.

खेळाचे स्वरूप

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा खेळ भारतात फारसा परिचित नाही. मात्र ज्या मेलबर्न क्रिकेट मैदानावर भारतीय संघाने अनेक कसोटी सामने खेळले, त्याच मैदानावर या खेळाचे अंतिम सामने होत आले आहेत. लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येक संघाचे १८ खेळाडू उतरतात. मैदानाच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी चार खांब उभे असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने टोलवून पार केल्यास गोल होतो व सहा गुण मिळतात. नेम थोडा चुकून चेंडू बाजूच्या आखूड खांबाच्या आत गेल्यास त्याला बिहाइंड म्हणतात व त्याचा एकच गुण मिळतो.

पायाने टोलवलेला चेंडू ठराविक अंतर पार करून जमिनीवर पडण्यापूर्वी स्वच्छ झेलला, तर त्याला मार्क म्हणतात. मार्क घेणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याच्या अडथळ्याविना चेंडू टोलवण्याची संधी मिळते. गोलखांबांच्या अगदी समोर उभा राहणारा आक्रमक म्हणजे फुल फॉरवर्ड. उंच उडी घेऊन मार्क घेणे व नंतर अचूक नेम साधणे ही त्याची दोन प्रमुख कामे असतात. कोलमन याच जागेवर खेळत.

पोर्ट फेरी ते हेस्टिंग्ज

जॉन डग्लस कोलमन यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९२८ रोजी व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील पोर्ट फेरी या लहानशा बंदर गावात झाला. मेलबर्नच्या आग्नेयेस असलेल्या हेस्टिंग्ज या किनारी गावातील संघाकडून खेळताना त्यांच्या खेळाची ख्याती पसरू लागली. १९४७ च्या हंगामात त्यांनी स्थानिक स्पर्धेत १३६ गोल केले आणि पुढच्याच वर्षी ही संख्या १६० वर नेली.

एसेन्डनच्या व्यवस्थापनाचे लक्ष त्यांच्याकडे १९४९ पूर्वीच गेले होते. मात्र त्या काळी एसेन्डन हा लीगमधील सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक होता आणि त्यात नवख्या तरुणाला सहजासहजी जागा मिळणे शक्य नव्हते. कोलमन यांना हेस्टिंग्जलाच परतावे लागले.

अचूक नेमाची उणीव

एसेन्डन क्लबची स्थापना १८७० च्या दशकाच्या प्रारंभी झाली. १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा पहिले विजेतेपद याच क्लबने पटकावले. काळ्या पोशाखावर तिरपा लाल पट्टा ही क्लबची ओळख आहे. विंडी हिल हे त्याचे पारंपरिक मैदान एसेन्डन विमानतळापासून जवळ असल्याने संघाला बॉम्बर्स असे टोपणनाव पडले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हा क्लब आपल्या वैभवाच्या शिखरावर होता. १९४६ ते १९५१ या सलग सहा वर्षांत प्रत्येक वेळी त्याने अंतिम सामना गाठला. कर्णधार व प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी डिक रेनॉल्ड्स यांच्याकडे होती. सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे ब्राउनलो पदक तीन वेळा मिळविलेल्या रेनॉल्ड्स यांच्या नेतृत्वाखाली संघाने १९४६ चे विजेतेपद मिळवले.

मात्र पुढील दोन वर्षे क्लबसाठी निराशाजनक ठरली. १९४७ च्या अंतिम सामन्यात एसेन्डनने ११ गोल व १९ बिहाइंड नोंदवले, तर कार्लटनने १३ गोल व ८ बिहाइंड. गोलखांबांच्या दिशेने अधिक वेळा चेंडू टोलवूनही एसेन्डनचा अवघ्या एका गुणाने पराभव झाला. १९४८ मध्ये याहून विलक्षण प्रकार घडला. मेलबर्न क्लबविरुद्धच्या अंतिम सामन्यात एसेन्डनने तब्बल २७ बिहाइंड नोंदवले, गोल मात्र केवळ सातच झाले. दोन्ही संघांचे ६९ गुण होऊन सामना बरोबरीत सुटला. लीगच्या इतिहासात अंतिम सामना बरोबरीत सुटण्याची ती पहिलीच वेळ होती. फेरसामन्यात एसेन्डनला ३९ गुणांनी पराभव पत्करावा लागला.

चेंडू गोलखांबांपर्यंत नेण्यात हा संघ कोठेही कमी पडत नव्हता. उणीव होती ती अखेरचा टोला अचूक मारणाऱ्या खेळाडूची. त्याच वर्षी हेस्टिंग्जच्या मैदानावर एक तरुण १६० गोल करीत होता.

पदार्पणातच १२ गोल

१९४९ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात कोलमन यांना संधी मिळाली. विंडी हिल मैदानावर हॉथॉर्नविरुद्ध झालेल्या या सामन्यात २० वर्षांच्या या नवोदिताने तब्बल १२ गोल केले. पदार्पणाच्या सामन्यातील सर्वाधिक गोलांचा लीगचा हा विक्रम आजही अबाधित आहे.

उंच व सडपातळ बांध्याचे कोलमन १० क्रमांकाचा पोशाख परिधान करीत. प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून अचानक झेप घेऊन इतरांच्या खांद्यांपेक्षाही उंचावर चेंडू पकडण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. त्यांची झेप जेवढी नेत्रदीपक, तेवढाच नेम अचूक असे. त्यांचा खेळ जवळून पाहता यावा म्हणून दर पाव सामन्यानंतर संघांची बाजू बदलली की प्रेक्षकही मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात असत, असे त्या काळाविषयी सांगितले जाते.

हंगाम पुढे सरकत गेला तशी त्यांची गोलसंख्या वाढत गेली. कार्लटनविरुद्धच्या अंतिम सामन्यापूर्वी ती ९४ वर पोहोचली होती. दोन वर्षांपूर्वी याच कार्लटनने एसेन्डनला एका गुणाने हरवले होते. या वेळी एसेन्डनने ७३ गुणांनी दणदणीत विजय मिळवला. विजय निश्चित झाल्यावर प्रेक्षकांचे लक्ष एकाच प्रश्नाकडे लागले होते. सामना संपण्यास अगदी थोडा अवधी असताना कोलमन यांनी आपला सहावा गोल केला आणि पदार्पणाच्या हंगामातच गोलांचे शतक पूर्ण केले.

१९५० चा हंगाम क्लबच्या इतिहासातील सर्वोत्कृष्ट हंगामांपैकी एक मानला जातो. साखळी फेरीत एसेन्डनचा केवळ एका सामन्यात पराभव झाला. अंतिम सामन्यात नॉर्थ मेलबर्नला ३८ गुणांनी नमवून संघाने विजेतेपद राखले. कोलमन यांनी या हंगामात १२० गोल केले. एका हंगामातील सर्वाधिक गोलांचा क्लबचा हा विक्रम सात दशकांनंतरही मोडला गेलेला नाही. २००० साली मॅथ्यू लॉइड यांनी १०९ गोल केले, तरीही ते या आकड्यापासून दूरच राहिले.

ही कामगिरी करणारे कोलमन आजच्या अर्थाने पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू नव्हते. खेळाडूंच्या मानधनावर लीगने १९३० पासून मर्यादा घातली होती. त्यामुळे बहुतेक खेळाडूंना उपजीविकेसाठी नोकरी किंवा व्यवसाय करावा लागे.

चार सामन्यांची बंदी

गोल करण्यापासून कोलमन यांना रोखणे नियमांच्या चौकटीत कठीण होते. त्यामुळे प्रतिस्पर्धी बचावपटू धक्काबुक्कीचा अवलंब करीत आणि कोलमन यांना जवळपास प्रत्येक सामन्यात शारीरिक त्रास सहन करावा लागे.

१९५१ च्या साखळी फेरीतील अखेरच्या सामन्यात कार्लटनविरुद्ध खेळताना त्यांचा संयम सुटला. कार्लटनचे हॅरी कॅस्पर यांनी केलेल्या प्रहाराला कोलमन यांनी प्रहारानेच उत्तर दिले. पंचांनी दोघांचीही तक्रार केली आणि प्रकरण लीगच्या न्यायाधिकरणासमोर गेले. कोलमन यांना चिथावणी देण्यात आली होती, ही बाब सुनावणीत पुढे आली. मात्र प्रहाराला प्रहाराने उत्तर देणे हाही नियमभंगच होता. न्यायाधिकरणाने दोघांनाही चार सामन्यांच्या बंदीची शिक्षा सुनावली.

साखळी फेरी संपलेली असल्याने या बंदीचा अर्थ स्पष्ट होता. विजेतेपदाच्या निर्णायक लढतींमध्ये एसेन्डनला आपल्या प्रमुख गोलवीराविना उतरावे लागणार होते. निकाल ऐकण्यासाठी लीगच्या कार्यालयाबाहेर मोठी गर्दी जमली होती. बाहेर पडताना कोलमन यांना अश्रू आवरता आले नाहीत.

कोलमन यांच्या अनुपस्थितीतही एसेन्डनने सलग सहाव्यांदा अंतिम फेरी गाठली. जिलाँगविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी निवृत्त झालेल्या रेनॉल्ड्स यांनाही राखीव खेळाडू म्हणून पोशाख चढवावा लागला. हा सामना एसेन्डनने ११ गुणांनी गमावला. ११ गुण म्हणजे दोन गोलांपेक्षाही कमी अंतर. कोलमन खेळले असते तर निकाल बदलला असता, असे खात्रीने म्हणता येणार नाही, कारण खेळात अशी साधी बेरीज करता येत नाही. तथापि एसेन्डनचे पाठीराखे गेली अनेक दशके हीच बेरीज करीत आले आहेत.

या घटनेला आणखी एक पैलू आहे. १९५१ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक ८६ गोल जिलाँगच्या जॉर्ज गॉनिनन यांनी केले. गॉनिनन हे मूळचे एसेन्डनचेच खेळाडू होते. कोलमन असताना फुल फॉरवर्डच्या जागेवर संधी मिळण्याची शक्यता नसल्याने १९५० मध्ये ते जिलाँगकडे गेले. एसेन्डनने सोडलेला खेळाडू प्रतिस्पर्धी संघाचा आधारस्तंभ ठरला आणि ज्याच्यासाठी त्याला सोडले, तो खेळाडू अंतिम सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर होता.

त्या हंगामात कोलमन यांनी ७५ गोल केले होते. १९४९ ते १९५३ या पाच हंगामांत लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होण्याचा मान त्यांना चार वेळा मिळाला. हुकले ते केवळ १९५१ हे एक वर्ष.

पुनरागमन आणि दुखापत

बंदी संपवून परतलेल्या कोलमन यांनी १९५२ मध्ये पुन्हा शंभरी ओलांडली. रेनॉल्ड्स निवृत्त झाल्यानंतरचा एसेन्डन संघ पूर्वीइतका बलवान राहिला नव्हता आणि त्याला पहिल्या चारांतही स्थान मिळवता आले नाही. तरीही कोलमन यांच्या खात्यावर १०३ गोल जमा झाले. खेळाचा प्रसार करण्यासाठी त्या वर्षी लीगने काही सामने व्हिक्टोरियाबाहेर आयोजित केले होते. ब्रिस्बेन येथे विद्युतप्रकाशात झालेल्या अशाच एका सामन्यात त्यांनी जिलाँगविरुद्ध १३ गोल केले. १९५३ मध्ये ९७ गोलांसह ते लीगमध्ये पुन्हा अव्वल ठरले. चौथे शतक केवळ तीन गोलांनी हुकले.

१९५४ च्या हंगामाचा प्रारंभही जोमदार झाला. सातव्या फेरीत फिट्झरॉयविरुद्ध त्यांनी १४ गोल केले. एका सामन्यातील सर्वाधिक गोलांचा एसेन्डनचा हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. त्यानंतर एकाच आठवड्याने, जून महिन्यात नॉर्थ मेलबर्नविरुद्ध खेळताना त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. तो सामना त्यांचा ९८ वा सामना होता.

गुडघ्याच्या अशा दुखापतींवर त्या काळी आजच्यासारखे प्रभावी उपचार उपलब्ध नव्हते. शस्त्रक्रिया व दीर्घ विश्रांतीनंतर कोलमन यांनी १९५६ च्या हंगामासाठी सराव सुरू केला, परंतु गुडघ्याने साथ दिली नाही. अखेर त्यांना निवृत्ती स्वीकारावी लागली. शंभराव्या सामन्यासाठी आवश्यक असलेले दोन सामने त्यांना कधीच खेळता आले नाहीत. १९५१ ची बंदी नसती, तर एसेन्डनच्या अंतिम फेरीपर्यंतच्या त्याच वर्षीच्या वाटचालीत हा टप्पा त्यांच्या आणखी जवळ आला असता.

प्रशिक्षक म्हणून यश

निवृत्तीनंतर कोलमन यांनी हॉटेल व्यवसायात लक्ष घातले. मात्र क्लबशी असलेले त्यांचे नाते संपले नाही. दोन दशकांहून अधिक काळ प्रशिक्षकपद सांभाळणारे रेनॉल्ड्स १९६० च्या हंगामानंतर पायउतार झाले आणि १९६१ मध्ये ही जबाबदारी ३२ वर्षांच्या कोलमन यांच्याकडे आली.

दुसऱ्याच हंगामात त्यांनी यश मिळवले. १९६२ मध्ये एसेन्डन साखळी फेरीत अव्वल राहिला आणि अंतिम सामन्यात त्याने कार्लटनला ३२ गुणांनी पराभूत केले. ज्या क्लबविरुद्धच्या सामन्यामुळे कोलमन यांना ११ वर्षांपूर्वी विजेतेपदाच्या लढतीस मुकावे लागले, त्याच क्लबविरुद्ध त्यांना प्रशिक्षक म्हणून पहिले विजेतेपद लाभले. १९६५ मध्ये साखळीत चौथ्या स्थानावर राहिलेल्या संघाने बाद फेरीत एकामागून एक विजय मिळवले व अंतिम सामन्यात सेंट किल्डावर ३५ गुणांनी मात केली.

खेळाडू म्हणून दोन व प्रशिक्षक म्हणून दोन, अशा चार विजेतेपदांमध्ये कोलमन यांचा वाटा राहिला. क्लबच्या खात्यावर २०२५ च्या हंगामाअखेर एकूण १६ विजेतेपदे असून त्यांपैकी एक चतुर्थांश विजेतेपदांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९६७ च्या हंगामानंतर त्यांनी प्रशिक्षकपद सोडले.

अकाली निधन आणि वारसा

पुढील काळात कोलमन मेलबर्नच्या दक्षिणेस पोर्ट फिलिप उपसागराच्या काठी असलेल्या ड्रोमाना येथे हॉटेल चालवीत होते. ५ एप्रिल १९७३ रोजी तेथेच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाची ४५ वर्षेही त्यांनी पूर्ण केली नव्हती.

१९८१ पासून लीगमधील सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला कोलमन पदक देण्यास प्रारंभ झाला. १९९० मध्ये लीगचे नाव बदलून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झाले आणि स्पर्धेचा विस्तार अन्य राज्यांत झाला, तरी पदकाचे नाव कायम राहिले. टोनी लॉकेट व लान्स फ्रँकलिन यांनी हे पदक प्रत्येकी चार वेळा मिळवले. एसेन्डनच्या मॅथ्यू लॉइड यांनी २०००, २००१ आणि २००३ अशा तीन वर्षी ते पटकावले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये सर्वोच्च मान मिळालेल्या पहिल्या १२ खेळाडूंत कोलमन यांचा समावेश होता. त्याच वर्षी जाहीर झालेल्या लीगच्या शतकातील सर्वोत्तम संघात फुल फॉरवर्ड म्हणून त्यांचीच निवड झाली.

आज खेळाचे तंत्र बदलले आहे. बचाव अधिक संघटित झाला असून गोल करण्याची जबाबदारी एका खेळाडूवर न सोपवता अनेकांमध्ये विभागली जाते. २००८ मध्ये फ्रँकलिन यांनी गोलांचे शतक पूर्ण केले, त्यानंतर २०२५ पर्यंत एकाही खेळाडूला एका हंगामात शंभर गोल करता आलेले नाहीत. कोलमन यांनी ही कामगिरी पहिल्या चार हंगामांत तीन वेळा केली होती, तीही आजच्या तुलनेत कमी सामन्यांच्या हंगामांमध्ये.

दीर्घ कारकीर्द करणाऱ्या खेळाडूंचे विक्रम कालांतराने मोडले जातात, कारण त्यांच्यापेक्षा अधिक काळ खेळणारा कोणी तरी पुढे येतो. एसेन्डनमध्येही रेनॉल्ड्स यांचा सामन्यांचा विक्रम मॅडन यांनी व मॅडन यांचा फ्लेचर यांनी मागे टाकला. कोलमन यांचे विक्रम मात्र दीर्घायुष्यावर आधारलेले नाहीत. पदार्पणातील १२, एका सामन्यातील १४ आणि एका हंगामातील १२० गोल हे तिन्ही आकडे क्लबच्या नोंदवहीत आजही पहिल्या स्थानावर आहेत.